टॉन्सिल सुजलेत पण दुखत नाहीत : गोळी मागण्याआधी काय काय बघायचं

आमचं सोलापुरात औषधांचं दुकान आहे. आठवड्यातून दोन-तीनदा तरी कुणीतरी काउंटरवर मोबाइल पुढं करतं. फोटोत अंधारलेलं तोंड, मधोमध जिभेचा डोंगर, मागं काहीतरी लालसर. "अण्णा, पोराच्या घशात दोन्हीकडं सुपारीएवढं आलंय. दुखत न्हाई म्हणतोय. अ‍ॅझिथ्रोमायसिन देऊन टाका की."

ती गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, हे एक. दुसरं म्हणजे त्या फोटोवरून काहीच कळत नाही. आणि तिसरं, जे मला दरवेळी सांगावं लागतं : "दुखत नाही" हे ऐकून काही जण निर्धास्त होतात, काही जण घाबरून रात्रभर जागतात, पण त्या एका वाक्यावरून दोन्ही ठरत नाही. टॉन्सिल दोन्ही वाढलेत की एकच, आणि किती दिवसांपासून, यावर सगळं फिरतं. लोक हे दोन प्रश्न सोडून बाकी सगळं सांगतात. म्हणून हा क्रम लिहून काढला. निदान डॉक्टरच करणार. त्यांच्याकडं जाताना हातात काय असावं आणि जाईपर्यंत काय करू नये, एवढंच इथं आहे.

सगळ्यात आधी : घरी बसून वाचायची वेळ आहे का?

श्वास घेताना घशातून आवाज येतोय, लाळसुद्धा गिळता येत नाही, तोंड दोन बोटांएवढंही उघडत नाही, किंवा बोलणं तोंडात गरम बटाटा धरल्यासारखं झालंय, तर हा लेख बाजूला ठेवा आणि तातडीच्या विभागात जा. अशा लेकराच्या तोंडात चमचा घालून बघायचं नाही.

आणखी एक. टॉन्सिलवर राखाडी, चिवट पापुद्रा दिसतोय आणि मानही सुजलीय, तर घसा फारसा दुखत नसला तरी तातडीनं जायचं. घटसर्प असाच येतो, दुखणं थोडं आणि धोका मोठा. तो पापुद्रा खरवडू नका, रक्त येतं. लसीचं कार्ड सोबत न्या. दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांचे तीन डोस बहुतेकांचे झालेले असतात. दीड ते दोन वर्षं आणि ५ ते ६ वर्षं या वयातले बूस्टर, आणि १० व १६ व्या वर्षीची टीडीची (धनुर्वात-घटसर्पाची) लस, हे मात्र हमखास राहून जातं.

१. तयारी

लागतं ते एवढंच : चांगली टॉर्च, स्टीलच्या चमच्याचा धुतलेला दांडा, आरसा, कागद-पेन. वेळ जेवणानंतर तासाभरानं. पानसुपारी, रंगीत गोळी, चहा झाल्या झाल्या बघू नका, लाली कशाची ते कळणार नाही. साध्या पाण्यानं चूळ भरून घ्या.

मुलाला खिडकीकडं तोंड करून बसवा. मान सरळ हवी. मान जरा जरी एका बाजूला कलली तरी एक टॉन्सिल मोठा आणि दुसरा लहान दिसतो, आणि मग "एकच वाढलाय" म्हणून घरात रडारड सुरू होते.

२. बघायचं कसं

तोंड उघडून जीभ आतच सैल ठेवायची, तोंडानं हळू श्वास घ्यायचा आणि लांब "आऽऽ" म्हणायचं. बऱ्याच जणांना एवढ्यावरच दिसतं. नाही दिसलं तर चमच्याचा दांडा जिभेच्या पुढच्या दोन-तृतीयांश भागावरच ठेवून खाली दाबा. त्याच्या मागं गेलात की उबळ येते.

उबळ आली की जे दिसतं ते धरायचं नाही. सगळ्यात जास्त चूक होते ती इथंच. ओकारीसारखं झालं की घशाचे स्नायू आवळतात, दोन्ही टॉन्सिल आत, मध्याकडं ढकलले जातात आणि एकदम दुप्पट दिसतात. फोटो नेमका त्याच क्षणी काढला जातो. अर्धा मिनिट थांबा, परत बघा.

पडजीभ मधे लोंबते. तिच्या दोन्ही बाजूंना दोन कमानी असतात, टॉन्सिल त्या कमानींच्या खोबणीत बसलेले. या कमानींमधली जी मोकळी वाट आहे तिचे मनात चार भाग करा. टॉन्सिलनी एका भागापेक्षा कमी जागा घेतली असेल तर पहिली श्रेणी, निम्म्यापर्यंत दुसरी, पाऊण वाटेपर्यंत तिसरी, आणि त्याहून जास्त, म्हणजे जवळजवळ एकमेकांना टेकलेले, ती चौथी. डॉक्टर कागदावर असंच लिहितात. तुम्ही आकडा अचूक द्यायची गरज नाही, "अर्ध्यापेक्षा कमी" की "जवळजवळ टेकलेत" इतकं पुरे.

फोटो काढायचा तर मागच्या कॅमेऱ्यानं, दुसऱ्या माणसाकडून, फ्लॅश लावून. सेल्फी नको. का, ते माझ्याच घरचं सांगतो. मुलगी नववीत होती तेव्हा तिनं सेल्फी काढून मला पाठवला. उजवीकडचा मोठा दिसत होता. मी तसंच डॉक्टरांना फोनवर सांगितलं, त्यांनी आम्हाला बोलावलं, तोंड उघडलं आणि म्हणाले, "डावा आहे की हो." फोननं फोटो आरशासारखा उलटा साठवला होता. औषधं विकण्यात आयुष्य गेलं माझं, तरी हे डोक्यात आलं नव्हतं. तेव्हापासून मी कागदावर लिहायला सांगतो : "रुग्णाचा स्वतःचा डावा".

*तपासा :* दोन वेगवेगळ्या दिवशी, मान सरळ ठेवून, उबळ न येता बघितलं आणि दोन्ही वेळा तेच दिसलं, तरच पुढं जा.

३. एकच की दोन्ही?

इथून रस्ते वेगळे होतात. दोन्ही सारखेच मोठे असतील तर चौथी पायरी वाचा, एकच मोठा असेल तर पाचवी. घाई असली तरी दोन्ही मिसळू नका.

४. दोन्ही मोठे, पण दुखत नाहीत

*वय लहान असेल तर.* ३ ते ७ वर्षांच्या मुलांचे टॉन्सिल मोठेच असतात. रोग ओळखायला शिकणाऱ्या पेशींचा तो कारखाना आहे, आणि शाळेत जायला लागलेल्या पोराचा कारखाना तीन पाळ्यांत चालतो. वयात येताना ते आपोआप आकसतात. पोर नीट जेवतंय, रात्री तोंड मिटून शांत झोपतंय, वजन वाढतंय, तर नुसत्या आकारासाठी काही करायचं नसतं. "सुपारीएवढे" हा आजार नाही.

पण झोप बघाच. आईबाप "घोरतो, बापावर गेलाय" म्हणून हसतात, ते मला अजिबात आवडत नाही. मोठे टॉन्सिल आणि नाकामागच्या वाढलेल्या अ‍ॅडेनॉइड ग्रंथी मिळून रात्री श्वासाची वाट अडवतात. खुणा अशा : आठवड्यातून तीन-चार रात्री तरी घोरणं, मधेच श्वास थांबून एकदम हुंदका दिल्यासारखा येणं, मान मागं टाकून झोपणं, तोंड उघडं, सकाळी डोकं दुखणं, सुटलेलं अंथरुणात लघवी करणं परत सुरू होणं. दिवसा असं मूल पेंगतंच असं नाही. उलट चुळबुळ्या, चिडका, अभ्यासात लक्ष नसलेला असा शिक्का त्याच्यावर बसतो. त्याच्या घशात एक कणही दुखत नसतो.

झोप लागून दोन-तीन तास झाले की दोन मिनिटांचा व्हिडिओ काढा. सदरा वर करून छाती-पोट दिसू द्या, पंखा मंद करा म्हणजे आवाज येईल. श्वास घेताना छाती आत खेचली जातेय का, ते डॉक्टरांना त्यातून दिसतं. तोंडी वर्णनापेक्षा हा व्हिडिओ दहापट कामाचा.

*नाक चोंदलेलं असेल तर.* ॲलर्जीची सर्दी हे वाढलेल्या टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइडसोबत नेहमी दिसणारं कारण. सकाळी ओळीनं शिंका, नाक तळहातानं वर घासायची सवय, घशामागं ओघळणारा चिकट शेंबूड. आपल्याकडं धूळ काय कमी आहे? उन्हाळ्याची धूळ, जानेवारीत गड्ड्याच्या जत्रेतली धूळ, यंत्रमागाजवळ घर असेल तर कापसाचे बारीक तंतू. त्यात घरात विडी ओढणारं कुणी असलं तर धूर वेगळाच. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कित्येक घरांत टॉवेल-चादरींचे गठ्ठे आणि लेकराचं अंथरूण एकाच खोलीत असतं. निदान अंथरूण दुसऱ्या कोपऱ्यात हलवा आणि झाडायच्या ऐवजी ओल्या फडक्यानं पुसा.

डॉक्टर यासाठी बहुतेकदा नाकात मारायचा स्टेरॉइडचा स्प्रे देतात आणि लोक तो चार दिवसांत बंद करतात. तो लगेच मोकळं करणारा स्प्रे नाही, रोज काही आठवडे मारावा लागतो. उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं, डाव्या नाकपुडीत उजव्या हातानं, टोक मधल्या पडद्याकडं नाही तर बाहेरच्या बाजूला. पडद्यावर मारलात की नाकातून रक्त येतं आणि मग दोष औषधाला.

*आधी दुखून गेलं असेल तर.* पंधरा-वीस वर्षांच्या पोराला ताप, घसादुखी, मानेत मागच्या बाजूला गाठी, भयंकर थकवा, आणि ताप-दुखणं गेलं तरी टॉन्सिल तसेच फुगलेले : यात एपस्टीन-बार विषाणूचा संसर्ग असू शकतो. सूज उतरायला काही आठवडे लागतात. ॲमॉक्सिसिलिन दिलं की यातल्या पुष्कळांच्या अंगभर पुरळ उठतं, आणि मग जन्मभर "पेनिसिलिनची ॲलर्जी" म्हणून चुकीची नोंद चिकटते. पाणथरी (प्लीहा) सुजलेली असू शकते, म्हणून निदान तीन आठवडे, आणि त्यापुढंही डॉक्टर हो म्हणेपर्यंत, कबड्डी-कुस्ती बंद.

*खडे.* टॉन्सिलच्या खाचांत अन्नाचे कण आणि मेलेल्या पेशी साचून पिवळट पांढरे खडे होतात. तोंडाला वास, घशात काहीतरी अडकल्याची जाणीव, दुखणं नाही. याला पू समजून गोळ्या खाल्ल्या जातात. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून जेवणानंतर गुळण्या करा. काडेपेटीची काडी, पिन, टूथपिक घशात घालू नका. "घातली होती, आत गेली" असं सांगत आलेला माणूस मी पाहिलाय.

*आंबट वर येणं.* रात्री दहाला कडक भाकरी, शेंगाची चटणी, त्यावर तेल आणि लगेच आडवं. सकाळी घसा खाकरणं, आवाज बसलेला. यात जिभेच्या मुळाशी असलेले टॉन्सिल सुजतात, ते तुम्हाला आरशात दिसणारच नाहीत. जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवा.

*राहिलेली कारणं.* मोठ्या माणसाचे दोन्ही टॉन्सिल नव्यानंच वाढले, सोबत मान-काख-जांघेत गाठी, वजन उतरतंय, तर डॉक्टर एचआयव्ही आणि सिफिलिसची तपासणी सुचवतील. अपमान वाटून घेऊ नका. सिव्हिलमध्ये (सरकारी रुग्णालयात) एचआयव्हीची तपासणी मोफत होते, संमती घेऊनच होते आणि गुप्त राहते. रक्ताचे कर्करोगही कधीकधी असेच सुरू होतात, म्हणून फिकटपणा, अंगावर निळे डाग, हिरड्यांतून रक्त असलं तर आठवडाभरसुद्धा थांबायचं नाही.

५. एकच मोठा

आधी धीर. पुष्कळदा तो मोठा नसतोच. एका बाजूची खोबण उथळ असली की तिथला टॉन्सिल बाहेर आलेला दिसतो, दुसरा आत लपलेला. मुलांमध्ये तर हे नेहमीचं. जुना संसर्ग किंवा मोठा खडाही एकीकडचा आकार वाढवतो.

तरीही हा रस्ता मी कुणालाही घरी बसून काढू देत नाही, आणि दुखत नसेल तर अजिबातच नाही. गळू झालं असेल तर माणूस वेदनेनं स्वतःच पळत जातो. न दुखता एकच टॉन्सिल वाढत गेला तर त्यात लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कर्करोग) किंवा टॉन्सिलचा कर्करोग असू शकतो, क्वचित क्षयही. तंबाखू-चुना, गुटखा, विडी, मिसरी आणि दारू हे धोके सगळ्यांना माहीत आहेत. मिसरीला आपल्या बायका व्यसन धरत नाहीत, म्हणून डॉक्टरांनी विचारलं की "तंबाखू नाही" असं सांगून मोकळ्या होतात. मिसरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, ती सांगायची. पण एचपीव्ही विषाणूमुळं होणारा टॉन्सिलचा कर्करोग तंबाखूला हात न लावणाऱ्यालाही होतो, म्हणून "मला कसलंच व्यसन नाही" ही ढाल धरून बसू नका.

आणखी एक फसवं कारण : टॉन्सिल ठणठणीत असतो, त्याच्या मागं खोलवर गाठ वाढत असते आणि ती त्याला पुढं ढकलते. कधी तिथं फुगलेली रक्तवाहिनीही असते. म्हणूनच जाणता डॉक्टर अशा वेळी आधी स्कॅन काढतो आणि नंतरच सुई किंवा तुकडा. "लगेच तुकडा का नाही घेतला" म्हणून त्याच्याशी वाद घालू नका.

*थांबू नका, जर :* एका बाजूची वाढ तीन आठवड्यांनंतरही तशीच किंवा जास्त आहे, त्यावर व्रण आहे, मानेत टणक, न हलणारी गाठ आहे, त्याच बाजूचा कान दुखतोय (कानात काही नसताना), थुंकीत रक्त आहे, गिळताना अडकतंय, रात्री घामानं कपडे भिजतात, किंवा काही न करता वजन कमी झालंय. वाढीसोबत यातली दुसरी एक जरी खूण असली तर तीन आठवडेही मोजायचे नाहीत.

६. मान चाचपणे आणि कागद लिहिणे

जबड्याच्या कोपऱ्याखाली, कानामागं, मानेच्या बाजूला आणि गळपट्टीच्या हाडावर बोटांच्या पेरांनी हलकं चाचपा, दोन्ही बाजू एकाच वेळी. मुलांमध्ये हरभऱ्याएवढ्या, मऊ, सरकणाऱ्या गाठी लागणं साधं आहे. बोराएवढी, घट्ट, दोन आठवड्यांपेक्षा जुनी गाठ साधी धरू नका. गळपट्टीच्या हाडावरची गाठ कितीही लहान असली तरी दाखवा.

मग कागद. मी गिऱ्हाइकाला औषधाच्या पाकिटाच्या पाठीवर लिहून देतो, असं :

"वय ४६. रुग्णाचा डावा टॉन्सिल मोठा. पहिल्यांदा दिसला संक्रांतीच्या आदल्या दिवशी. दुखत नाही. ताप नाही. वजन ६२ वरून ५८. मानेत डावीकडं एक गाठ. तंबाखू २० वर्षं. गोळ्या : अ‍ॅझिथ्रोमायसिन ३ दिवस, फरक नाही. मधुमेह आहे."

तारीख आठवत नसेल तर सण धरा, लग्न धरा, पगाराचा दिवस धरा. "बरेच दिवस झाले" याला काही अर्थ नाही.

७. जाईपर्यंत काय करू नये

उरलेलं अँटिबायोटिक सुरू करू नका. न दुखणाऱ्या, ताप नसलेल्या सुजेला बहुधा त्याचा उपयोग नसतोच, आणि फरक पडला नाही की लोक ती बदलून दुसरी मागतात. असे दोन महिने सहज जातात.

"सूज उतरायची गोळी" म्हणून मिळणारं स्टेरॉइड तर मुळीच नको. लिम्फोमा असेल तर स्टेरॉइडनं गाठ तात्पुरती आकसते, माणूस खूश होतो, आणि तुकड्याच्या तपासणीत रोग धड सापडत नाही. काउंटरवर मी सगळ्यात जास्त वाद याच गोळीवरून घालतो.

बोटानं टॉन्सिल दाबणं, पडजीभ उचलणं, आतून चुना-हळद लावणं बंद. बाहेरून लेप लावला तर कातडी भाजण्यापलीकडं काही होत नाही. आणि थंड पाणी, आईस्क्रीम यांच्यामुळं टॉन्सिल महिनोन्‌महिने मोठे राहत नाहीत. एप्रिलमध्ये चाळीसच्या वर पारा असताना लेकराचं गार पाणी तोडून काही साधत नाही.

८. कुणाकडं, आणि तपासण्या कोणत्या क्रमानं

दोन्ही मोठे आणि बाकी सगळं ठीक असेल तर आधी नेहमीचे फॅमिली डॉक्टर किंवा बालरोगतज्ज्ञ. एकच मोठा किंवा झोपेत श्वास अडकतोय तर थेट कान-नाक-घसा तज्ज्ञ. खासगीत परवडत नसेल तर सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय. डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्यालाच जोडलेलं आहे, तिथं हा विभाग आहे. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा आणि जुने रिपोर्ट तारखेच्या क्रमानं लावून न्या.

लोक परस्पर लॅबमध्ये जाऊन एएसओ ही रक्ततपासणी करून येतात. तो वाढलेला आला की घाबरतात. एएसओ वाढणं म्हणजे घसा धरणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूशी कधीतरी गाठ पडली होती, इतकंच. त्या एका आकड्यावर पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू करायची नसतात. साधारण क्रम असा असतो : तोंडानं तपासणी, रक्ताचा सीबीसी (पेशींची मोजणी) आणि स्मिअर (पेशी काचेवर पसरून बघणं), गरज असेल तर नाकातून दुर्बीण, मानेची सोनोग्राफी, सीटी किंवा एमआरआय, मग गाठीत सुई, आणि शेवटी तुकडा किंवा तो टॉन्सिलच काढून तपासणीला. घोरणाऱ्या मुलाचा रस्ता वेगळा, त्याला अ‍ॅडेनॉइडचा एक्स-रे किंवा झोपेची तपासणी सांगतील.

९. ऑपरेशन म्हणाले तर

आकार मोठा आहे एवढ्यासाठी ऑपरेशन होत नाही. घसा वारंवार येणाऱ्यांसाठी सर्वसाधारण मोजमाप असं : एका वर्षात ७ वेळा, किंवा सलग दोन वर्षं दरवर्षी ५, किंवा सलग तीन वर्षं दरवर्षी ३. न दुखणाऱ्यांसाठी मुख्य कारणं दोनच : झोपेत श्वास अडणं आणि एका बाजूचा संशय.

घरी आल्यावर जखमेवर पांढरा थर येतो. तो पू नाही, खरवडू नका. रक्त येण्याची भीती पहिल्या दिवशी असतेच, पण लोक विसरतात ती दुसरी वेळ, पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या आसपासची. त्या दिवसांत अक्कलकोटला किंवा तुळजापूरला जायचा बेत करू नका, गावातच राहा. ताजं लाल रक्त आलं, किंवा मूल सारखं आवंढा गिळताना दिसलं, तर रात्र असली तरी निघायचं.

तुकडा किंवा टॉन्सिल तपासणीला गेला असेल तर नुसता रिपोर्ट घेऊन येऊ नका. लॅबकडून मेणाचा ब्लॉक आणि काचेच्या स्लाइडही मागून घ्या. पुढं बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटलला किंवा मुंबईला दाखवायची वेळ आली तर तिथं पहिल्यांदा त्याच मागतात. उन्हाळ्यात ब्लॉक गाडीच्या डिकीत ठेवू नका, मेण मऊ पडू शकतं.